फुजीचा योशिदा मार्ग: पायथ्यापासून चढला तरच पुरा

जपानमधील फुजी पर्वतावर जाण्यासाठी चार अधिकृत मार्ग आहेत आणि चढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्यांतील एकाच, म्हणजे योशिदा मार्गाने जातात. या मार्गावरची व्यवस्था, मग ती बस असो, प्रवेशद्वार असो, मुक्कामाचे निवारे, शौचालये, दिशाफलक किंवा प्रथमोपचार असोत, मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही यात्रेच्या व्यवस्थेपेक्षा सरस आहे. तरीही बहुतेक लोक हा मार्ग ज्या रीतीने चढतात, त्या रीतीने तो चढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पायथ्यापासून शिखरापर्यंतची वाट दहा टप्प्यांत मोजतात; टोकियोहून निघालेली बस थेट सुमारे २३०० मीटर उंचीवरील पाचव्या टप्प्यावर आणून सोडते, तेथून संध्याकाळपर्यंत एखाद्या निवाऱ्यापर्यंत चढायचे, मध्यरात्री उठून शिखरावर सूर्योदय गाठायचा आणि दुपारी परतीची बस धरायची, असा हा प्रघात आहे. त्यात अर्धा डोंगर पायांखालून जातच नाही आणि ज्या कारणासाठी हा डोंगर शतकानुशतके पवित्र मानला गेला, त्या कारणाशी गाठही पडत नाही. फुजियोशिदा गावातील देवळापासून पायी निघाले, तर मात्र याच मार्गाला यात्रेचे रूप येते. पुढील परीक्षण या भूमिकेतून लिहिले आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. आमच्या भागातून महाशिवरात्रीला सातपुड्यातील मोठ्या महादेवाला, चौरागडावर, खांद्यावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्या मंडळींची परंपरा जुनी आहे आणि मीही तरुणपणापासून त्या वाटेने गेलेलो आहे. देवाचा डोंगर चढताना काय पाहावे, कोठे थांबावे, पाय आणि मन यांचा मेळ कसा बसतो, याची जी काही समज मला आहे, ती त्या यात्रेतून आलेली आहे. भाचा नोकरीनिमित्त टोकियोजवळ राहतो, त्याच्यामुळे फुजीचा योग आला. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत फुजी म्हणजे छायाचित्र काढण्याचे ठिकाण एवढेच दिसते, म्हणून यात्रेकरूच्या नजरेने या मार्गाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

प्रथम डोंगराविषयी. फुजीची उंची ३७७६ मीटर असून तो जपानमधील सर्वांत उंच पर्वत आहे. तो ज्वालामुखी आहे आणि त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ साली झाला. त्या वेळी उडालेली राख तेव्हाच्या एदो शहरावर, म्हणजे आजच्या टोकियोवर, पडली होती. या उद्रेकाने पर्वताच्या आग्नेय अंगाला पडलेले होएई नावाचे विवर आजही स्पष्ट दिसते. पर्वताची देवता कोनोहानासाकुया-हिमे ही आहे आणि तिची सेनगेन नावाची देवळे पायथ्याभोवती सर्वत्र आहेत. त्यांतील मुख्य देऊळ फुजिनोमिया शहरात आहे. आठव्या टप्प्यापासून वरची बहुतांश जमीन या मुख्य देवळाच्या मालकीची आहे आणि तो हक्क जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली मान्य केला. म्हणजे शिखराजवळ पोहोचलेला प्रत्येक माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, देवळाच्या आवारातच उभा असतो. २०१३ साली युनेस्कोने फुजीला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही नैसर्गिक वारसा म्हणून न घेता श्रद्धेचे आणि कलेच्या प्रेरणेचे स्थान म्हणून सांस्कृतिक वर्गात घेतले. त्या नोंदीत शिखर, देवळे, सरोवरे, झरे आणि यात्रेकरूंची जुनी घरे मिळून २५ स्थळांचा समावेश आहे.

यात्रेकरूंच्या याच घरांपासून सुरुवात करावी. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, फुजीच्या भक्तांची मंडळे असत आणि त्यांना फुजी-को म्हणत. प्रत्येकाला दरवर्षी एवढा प्रवास परवडणे शक्य नव्हते, म्हणून सभासद वर्गणी जमवत, चिठ्ठ्या टाकत आणि ज्यांची नावे निघतील ते सर्वांच्या वतीने डोंगर चढून येत. योशिदा गावात या मंडळींना उतरवून घेणारी, त्यांच्यासाठी पूजा करणारी आणि वाटेची तयारी करून देणारी पुजारी घराणी होती. त्यांना ओशी म्हणत. आपल्याकडील तीर्थक्षेत्रांत क्षेत्रोपाध्यांची घरे आणि त्यांच्याकडे ठरलेली गावे असतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. त्यांतील तोगावा घराण्याचा जुना वाडा आज संग्रहालय म्हणून पाहता येतो. आत शिरताच यात्रेकरूंची पांढरी वस्त्रे, काठ्या आणि मागील बाजूस देवघर दिसते. बसने थेट पाचव्या टप्प्यावर जाणाऱ्याला हे घर लागतच नाही. जे खरोखर डोंगर चढायला आले आहेत, त्यांनी आदल्या दिवशी दुपारी गावात यावे, हा वाडा पाहावा आणि रात्री गावातच मुक्काम करावा.

गावातून डोंगराकडे जाणारा रस्ता एका मोठ्या काशाच्या तोरणाखालून, म्हणजे देवळाकडे नेणाऱ्या कमानीखालून, जातो आणि पुढे कितागुची होंगू फुजी सेनगेन या देवळापाशी पोहोचतो. उंच देवदारसदृश वृक्षांच्या दोन रांगांमधून, शेवाळलेल्या दगडी दिव्यांच्या बाजूने चालत आत जावे लागते. मुख्य मंदिराच्या उजव्या अंगाने मागे गेले, की साध्या तोरणातून जुनी वाट सुरू होते. येथे गर्दी नव्हती. पहाटे देवळात हात धुऊन, नमस्कार करून आम्ही निघालो तेव्हा झाडणारा एक सेवेकरी तेवढा अंगणात होता.

देवळापासून पाचव्या टप्प्यापर्यंत चालायला साधारण पाच ते सहा तास धरावेत. सुरुवातीची वाट सौम्य चढाची, जंगलातून जाणारी आहे आणि नाकानोचाया हे जुन्या चहाघराचे ठिकाण मागे टाकून उमागाएशी येथे पोहोचते. पूर्वी घोडे येथपर्यंतच येत आणि येथून परत फिरवले जात. पुढील भूमी देवाची मानली जाई. येथील दगडी तोरणाच्या दोन बाजूंना माकडांच्या मूर्ती आहेत, कारण माकड हे फुजीचे दूत मानले जातात. एका मूर्तीचे हात जोडलेले आहेत, चेहरा पावसाने झिजून गुळगुळीत झाला आहे आणि पाठीवर शेवाळ वाढले आहे. हनुमंताच्या मूर्तीपुढे वाढलेल्या माणसाचे हात त्या मूर्तीपुढे आपोआप जोडले जातात, यात नवल नाही.

उमागाएशीच्या पुढे पहिला टप्पा, दुसरा टप्पा अशी क्रमाने ठिकाणे येतात. वाटेत मोडकळीस आलेली लाकडी घरे, कोसळलेली छपरे आणि रिकामी जोती दिसतात. १९६४ साली पाचव्या टप्प्यापर्यंत मोटाररस्ता झाला आणि पायथ्यापासून चढणाऱ्यांची वर्दळ आटली. त्यामुळे वाटेवरची चहाघरे आणि निवारे एकामागोमाग बंद पडले. त्यांच्याजवळ लावलेल्या फलकांवर जुनी छायाचित्रे आहेत, त्यांत पांढऱ्या वेशातील माणसे दाटीने उभी आहेत. वाट मात्र उत्तम राखलेली आहे. पाणी वाहून जावे म्हणून दगडी पाट काढले आहेत, चढाच्या जागी ओंडक्यांच्या पायऱ्या आहेत आणि चुकण्यासारखे एकही वळण नाही. या संपूर्ण भागात मिळणारी सावली, मातीचा ओलावा आणि शांतता यांची तुलना वरच्या उघड्या भागाशी होऊच शकत नाही. आणखी एक लाभ असा, की शरीर उंचीला सावकाश सरावते. बसने अडीच तासांत वर आलेल्या लोकांना सातव्या टप्प्यावर डोके धरून बसलेले मी पाहिले. पायथ्यापासून चालत आलेल्यांना तो त्रास बराच कमी होतो. या भागात दुकाने जवळपास नाहीत, म्हणून दोन लिटर पाणी आणि दुपारचे खाणे खालूनच घ्यावे. अस्वलांचा वावर असल्याने काठीला घुंगरू बांधण्याची तेथील रीत पाळावी. पहिल्याच दिवशी एवढे चालून वर निवाऱ्यापर्यंत पोहोचणे ज्यांना जड वाटेल, त्यांनी टॅक्सीने उमागाएशीपर्यंत जाऊन तेथून चढावे. तेवढेही पुष्कळ आहे.

पाचव्या टप्प्यापासून वर जाण्यास शुल्क आहे. योशिदा मार्गावर २०२४ साली सक्तीचे शुल्क २००० येन होते. २०२५ पासून चारही मार्गांवर ४००० येन झाले, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वादोन ते अडीच हजार रुपये. दुपारी २ ते पहाटे ३ या वेळेत निवाऱ्याचे आरक्षण असल्याशिवाय वर सोडत नाहीत आणि योशिदा मार्गावर दिवसाला ४००० माणसांची मर्यादा आहे. रात्रभर न थांबता, विश्रांती न घेता चढणाऱ्यांचे अपघात आणि आजारपणे वाढली, म्हणून हे नियम आले. उबदार कपडे, पावसाचा पोशाख आणि योग्य बूट नसलेल्या माणसाला तेथील कर्मचारी रोखू शकतात. माझ्या मते हा पैसा योग्य आहे आणि मर्यादा तर आणखी कडक असली तरी चालेल. खालून येणाऱ्यांची वाट बसच्या थांब्याला बगल देऊन वर मिळते, तेव्हा शुल्काची नोंद कोठे करायची हे गावातील माहिती केंद्रात विचारूनच निघावे.

सहाव्या टप्प्यावर सुरक्षा केंद्र आहे. तेथून झाडी संपते आणि राखाडी-तांबड्या खडीचा उघडा उतार सुरू होतो. ही खडी हातात घेतली तर वीटभट्टीतील खंगरासारखी हलकी, सच्छिद्र आणि धारदार लागते. बुटात शिरली तर टाच सोलते. सातव्या टप्प्यापासून गोठलेल्या लाव्हाच्या खडकांवरून हातपाय टेकत चढावे लागते, बाजूला साखळ्या आणि दोर आहेत. निवारे एकावर एक अशा ओळीने दिसत राहतात, त्यामुळे पोहोचलो असे वारंवार वाटते आणि वाट शिल्लकच असते.

आठव्या टप्प्याच्या परिसरात एबोशी-इवा नावाच्या खडकाशी एक छोटे देऊळ आहे. तेथे बहुतेक लोक श्वास घेण्यासाठी थांबतात आणि पुढे निघून जातात, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. जिकिग्यो मिरोकु हा एदोमधील तेलाचा व्यापारी फुजीचा परमभक्त होता. दुष्काळ, महागाई आणि लोकांचे हाल यांनी व्यथित होऊन त्याने १७३३ साली या ठिकाणी अन्नत्याग केला आणि एकतिसाव्या दिवशी देह ठेवला. त्याच्या उपदेशाने फुजी-को मंडळांची भरभराट झाली. प्रामाणिकपणे आपले काम करणे हीच भक्ती होय आणि स्त्री-पुरुष समान आहेत, अशी त्याची शिकवण होती. तरीही स्त्रियांना शिखरापर्यंत जाण्याची अधिकृत मुभा मिळायला १८७२ साल उजाडावे लागले. ज्या पर्वताची देवताच स्त्री आहे, तेथे हे घडावे याची खंत वाटते. माझ्यासोबत चढलेल्या माझ्या पत्नीने त्या देवळापुढे घरून आणलेली खडीसाखर ठेवली. प्रायोपवेशनाची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकांनी या जागी क्षणभर थांबावे, एवढी विनंती.

निवाऱ्यांना यामागोया म्हणतात. त्यांचा दर दोन वेळच्या जेवणासह माणशी दहा हजार येनांच्या वरच जातो, शनिवार-रविवारी अधिक. त्या बदल्यात मिळते ती लाकडी माचीवरची एका माणसापुरती जागा, झोपण्याची पिशवी आणि कुठे कुठे बाजूला फळीचा आडोसा. अंघोळ नाही, कारण पाणी नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास जेवण, आठला दिवे बंद, मध्यरात्रीनंतर हालचाल सुरू. सुखसोयींच्या मापाने हा दर फार आहे. मात्र प्रत्येक पोते आणि प्रत्येक सिलिंडर एवढ्या उंचीवर वाहून आणावा लागतो हे लक्षात घेतल्यावर मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. आमच्या निवाऱ्यातील माणसे विनम्र होती, अंथरूण स्वच्छ होते, आणि दमून आलेल्याला आधी बसवून मगच नियम सांगण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली.

जेवणाबाबत मात्र समाधान नाही. बहुतेक निवाऱ्यांत भात आणि त्यावर दाट रस्सा असे ताट असते. रश्श्यात मांस किंवा प्राण्यांची चरबी असण्याची शक्यता धरावीच लागते. आरक्षणाच्या वेळी शाकाहारी असल्याचे कळवूनही एका ठिकाणी ताटात मांस आले आणि आम्हाला कोरड्या भातावर भागवावे लागले. ठिकाणाचे नाव लिहीत नाही, कारण हा दोष सर्वत्रच आहे. शाकाहारी माणसाने भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि खाली दुकानात मिळणारे आंबट आलुबुखाराचे भाताचे गोळे सोबत ठेवावेत. थंडीत आणि विरळ हवेत जड अन्न जातही नाही. गूळ-शेंगदाण्याचे चार घास मात्र हुशारी आणतात.

काठीविषयी लिहिल्याशिवाय या मार्गाचे परीक्षण पुरे होत नाही. पायथ्याशी किंवा पाचव्या टप्प्यावर साधी, पहेलदार लाकडी काठी मिळते आणि वाटेवरील प्रत्येक निवाऱ्यात तिच्यावर त्या ठिकाणाचा छाप डागून घेता येतो. सातव्या टप्प्यावरील एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी काठी घेतली, निखाऱ्यांतून लोखंडी शिक्का काढला, आधी एका फळकुटावर टेकवून त्याचा ताव पाहिला आणि मगच काठीवर दाबून तिन्ही अंगांनी सावकाश फिरवला. धूर आला, कोवळ्या लाकडाचा करपट वास आला, आणि काळ्या रेषेत त्या जागेची उंची व नाव उमटले. काठी परत देताना त्यांनी दोन्ही हातांनी दिली. एका छापाला तीनशे ते पाचशे येन पडतात. सगळे छाप घेतले तर खर्च वाढतो, म्हणून निवडक ठिकाणी घ्यावेत. शिखरावरील देवळात मिळणारा शेंदरी छाप मात्र चुकवू नये.

शौचालयांची व्यवस्था आदर्श आहे. प्रत्येक निवाऱ्याजवळ शौचालय असून दोनशे-तीनशे येन पेटीत टाकायचे असतात. पुष्कळदा पेटीवर कोणी बसलेले नसते आणि तरी लोक पैसे टाकतात. सुट्या शंभर येनांच्या नाण्यांची एक पुरचुंडी सोबत असावी. कचऱ्याचे डबे कोठेही नाहीत. आपला कागद, बाटली, पिशवी आपणच खाली न्यायची. हजारो माणसे जाऊनही वाटेवर कचरा दिसत नाही. आपल्या यात्रांच्या वाटांवर प्लास्टिकचे जे ढीग साचतात ते आठवून मन विषण्ण झाले. पैसे घेऊन स्वच्छता राखणे आणि राखलेली स्वच्छता पाहून लोकांनी आनंदाने पैसे देणे, हे आमच्याकडील देवस्थानांनाही अशक्य नाही.

शिखराआधीचा शेवटचा चढ हा या मार्गाचा सर्वांत कमजोर भाग आहे. ३४०० मीटरच्या आसपास सुबाशिरी मार्ग येऊन योशिदा मार्गाला मिळतो, दोन्हीकडची गर्दी एकत्र होते आणि सूर्योदयापूर्वीच्या तासांत डोक्यावर दिवे लावलेल्या माणसांची रांग पावलापावलाने सरकते. वारा अंगाला झोंबत असताना अशा रांगेत उभे राहणे हा खरा त्रास आहे. त्यावर उपाय साधा आहे. सूर्योदय शिखरावरच पाहिला पाहिजे असा हट्ट सोडावा. योशिदा मार्ग ईशान्य अंगाला असल्याने निवाऱ्याच्या अंगणातूनही तोच सूर्य दिसतो. आम्ही तसेच केले: अंगणात उभे राहून अर्घ्य दिले, चहा घेतला आणि गर्दी वर निघून गेल्यावर मोकळ्या वाटेने शिखर गाठले.

शिखर म्हणजे विवराची कड आहे. विवर दोनशे मीटरहून अधिक खोल आहे. त्याच्या भोवतीची सुमारे तीन किलोमीटरची प्रदक्षिणा दीड तासात होते आणि ती केल्याशिवाय परतू नये. सर्वोच्च बिंदू केनगामिने हा योशिदाच्या बाजूने पाहता पलीकडच्या कडेला आहे; नुसते योशिदाच्या माथ्यावरून फिरलेला माणूस ३७७६ मीटरला पोहोचलेलाच नसतो. त्याच बाजूला मुख्य सेनगेन देवळाचे शिखरावरील स्थान आणि हंगामाच्या मधल्या काळात चालणारे टपाल कार्यालय आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने बोलत चालणे जमत नाही. आम्ही मनात नामस्मरण करीत चाललो. जुने यात्रेकरू डोळे, कान, नाक, जीभ, देह आणि मन शुद्ध व्हावे असा घोष करीत चढत. आजही पांढऱ्या वेशातील एखादे मंडळ भेटते, पण क्वचितच.

उतरण्यासाठी वेगळी वाट आहे. ती नागमोडी, सैल खडीची, सावलीविना आणि कंटाळवाणी आहे. गुडघ्यांची खरी परीक्षा येथे होते. या वाटेवर आठव्या टप्प्यापाशी एक फाटा फुटतो आणि दरवर्षी पुष्कळ लोक तेथे चुकून सुबाशिरीच्या बाजूला उतरतात. तसे झाले तर माणूस पर्वताच्या दुसऱ्याच अंगाला, दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचतो. योशिदाचे फलक पिवळे आणि सुबाशिरीचे लाल असतात. धुके असेल तर फाट्यावर थांबून रंग पाहूनच पाऊल टाकावे.

इतर तीन मार्गांविषयी थोडक्यात सांगतो. फुजिनोमिया मार्ग सुमारे २४०० मीटरवरून सुरू होतो, सर्वांत आखूड आहे आणि केनगामिनेला जवळचा आहे, पण चढ तीव्र असून चढण्या-उतरण्याची वाट एकच आहे. गोतेंबा मार्ग १४४० मीटरवरून निघतो. फार लांब, निवारे थोडे, माणसे थोडी. सवय नसलेल्याने तिकडे जाऊ नये, मात्र उतरताना तेथील खोल वाळूतून लांब टांगा टाकत खाली येण्याचा अनुभव प्रसिद्ध आहे. सुबाशिरी मार्ग सुमारे २००० मीटरवरून दाट झाडीतून सुरू होतो आणि पायथ्यापासून चालणे ज्यांना शक्य नाही, पण बसच्या गर्दीतही जायचे नाही, त्यांच्यासाठी तो योशिदापेक्षा निश्चित चांगला आहे.

आमच्या भागातील लोकांनी तयारी कशी करावी, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. वावरात पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवस काढणाऱ्याला सहा-सात किलोची पिशवी जड नाही. पण सपाट जमिनीवर चालणारे पाय आणि सतत चढणारे पाय यांत फरक आहे. विदर्भात चिखलदऱ्याच्या वैराट शिखराची उंची अकराशे मीटरच्या जराशी वर आहे, म्हणजे उंचीचा सराव येथे होणारच नाही. चढाचा सराव मात्र रामटेकच्या पायऱ्यांवर किंवा मेळघाटातील घाटात दोन-तीन महिने आधीपासून होऊ शकतो. कपड्यांबाबत दुर्लक्ष करू नये. ऑगस्टमध्येही शिखरावरचे सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास असते आणि वाऱ्यामुळे थंडी त्याहून अधिक लागते. मेमध्ये ४५ अंश सोसणाऱ्या शरीराला ती एकदम बोचते. लोकरी टोपी, हातमोजे, कोरडे मोजे आणि सदरा-विजार असा दोन भागांचा पावसाचा पोशाख हवाच. आपल्याकडील प्लास्टिकची घोंगशी तेथील वाऱ्यात टिकत नाही. घोट्यापर्यंतचे बूट किमान महिनाभर वापरून पायात बसवलेले असावेत. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा जुना त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन नाकानोचाया ते पाचवा टप्पा एवढेच चढावे. यात्रेचा उत्तम भाग तोच आहे.

शेवटचा मुद्दा तारखांचा. योशिदा मार्ग साधारण १ जुलै ते १० सप्टेंबर आणि इतर तीन मार्ग १० जुलैपासून १० सप्टेंबरपर्यंत खुले असतात. शेतकऱ्यासाठी हा काळ अडचणीचाच आहे: जुलैत डवरणी आणि निंदण, नंतर फवारण्या, आणि पोळा कधी ऑगस्टअखेर तर कधी सप्टेंबरात. ऑगस्टच्या मध्यावर जपानमध्ये पितरांच्या स्मरणाचा सण आणि सुट्ट्या असतात, त्या आठवड्यात गर्दी कमाल असते, म्हणून तो टाळावा. माझ्या मते ऑगस्टचा शेवटचा आठवडा सर्वांत योग्य. २६ आणि २७ ऑगस्टला फुजियोशिदा गावात अग्नीचा उत्सव असतो. २६ तारखेच्या संध्याकाळी मुख्य रस्त्यावर सुमारे तीन मीटर उंचीच्या मशाली ओळीने पेटवतात आणि डोंगरावरील निवाऱ्यांपुढेही आग पेटते. चढाईचा हंगाम संपत आल्याचा तो सोहळा आहे. या दिवसांत वादळांची शक्यता असते आणि वादळात डोंगर बंद होतो, तेव्हा परतीचे विमान लगोलग धरू नये, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवावेत. निवाऱ्यांचे आरक्षण साधारण वसंत ऋतूतच खुले होते आणि चांगल्या जागा लवकर भरतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये जायचे असेल तर आपल्याकडे गव्हाची कापणी उरकताच जागा निश्चित करावी.